टाकीत ऑक्सिजन नसतो. आणि असला, तर?

माझा धाकटा आत्येभाऊ पुण्यात नोकरीला आहे. सलग चार दिवस सुट्टी मिळाली की पठ्ठ्या तारकर्ली गाठतो. आता त्याने अंदमानला जाऊन 'नायट्रॉक्स'चा कोर्स करायचं ठरवलंय. परवा फोन आला. "ताई, तू ऑक्सिजनवरच पीएचडी करतेस ना? नायट्रॉक्स म्हणजे हवेत जास्तीचा ऑक्सिजन. म्हणजे दम कमी लागणार आणि जास्त खोल जाता येणार. बरोबर?"

पहिल्या गोष्टीला फारसा पुरावा नाही. दुसरी तर चक्क उलटी आहे. नायट्रॉक्स घेतलं की साध्या हवेपेक्षा कमी खोल जायचं असतं. आणि ही चूक कागदावर नाही, पाण्याखाली कळते. मी समुद्रावर काम करत नाही. ऑक्सिजनमुळे पेशींना होणारी इजा हा माझा विषय. पण त्या इजेबद्दल माणसाला जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं पाणबुड्यांच्या अंगावर प्रयोग करून कळलेलं आहे. म्हणून आजचा लेख पाण्याखालचा.

आधी एक गैरसमज बाजूला करू. मालवणहून परत आलेला प्रत्येक जण सांगतो, 'पाठीला ऑक्सिजनची टाकी बांधली होती.' बातम्यांतही तसंच छापून येतं. त्या टाकीत ऑक्सिजन नसतो. तुम्ही-आम्ही आत्ता घेतोय तीच हवा कॉम्प्रेसरने गाळून, कोरडी करून, दोनशे बारच्या आसपास दाबून भरलेली असते. २१ टक्के ऑक्सिजन, ७८ टक्के नायट्रोजन, बाकी किरकोळ. तिच्यात खरोखर शुद्ध ऑक्सिजन असता, तर सहा मीटरच्या खाली जाणं धोक्याचं झालं असतं. सहा मीटर म्हणजे किती? सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांना मासे दाखवायला नेतात, साधारण तेवढीच खोली.

हे का, ते समजायला विहिरीत उतरू.

आमच्या नातेपुत्याकडे जुनी माणसं विहिरीची खोली अजून परसात सांगतात. परस म्हणजे साधारण एका उभ्या माणसाची उंची. विहीर भरलेली असली की सूर मारून तळाची माती मुठीत आणून दाखवायची, ही पैज इथल्या निम्म्या पोरांनी लावलेली असते. ज्यांनी लावली त्यांना ठाऊक आहे, दोन परस खाली गेलं की कान दुखायला लागतात. तो दाब. जमिनीवर आपल्यावर हवेचा साधारण एक बार दाब असतो. पाण्यात दर दहा मीटरला, म्हणजे सहाएक परसाला, आणखी एक बार वाढतो. दहा मीटरवर दोन बार, वीसवर तीन, तीसवर चार.

स्कूबाचा रेग्युलेटर तुम्ही जिथे आहात तिथल्याच दाबाची हवा तोंडात देतो. नाहीतर छाती फुगवताच आली नसती. म्हणजे तीस मीटरवर घेतलेल्या प्रत्येक श्वासात वरच्यापेक्षा चौपट हवा कोंबलेली असते. ऑक्सिजनही चौपट, नायट्रोजनही चौपट. मिश्रणातल्या प्रत्येक वायूचा दाबात जो वाटा असतो, त्याला आंशिक दाब म्हणतात. पाच जणांनी मिळून बंद पडलेला ट्रॅक्टर ढकलला तर एकट्याचा जोर किती, तसला हा हिशोब. जमिनीवर हवेतल्या ऑक्सिजनचा आंशिक दाब ०.२१ बार. तीस मीटरवर त्याच हवेत तो ०.८४ होतो. टक्केवारी तीच, २१.

आता आजचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. शरीराला टक्केवारी कळत नाही, आंशिक दाब कळतो.

मग लोक हवेत ऑक्सिजन वाढवतात कशाला? नायट्रोजनपायी. दाबाखाली नायट्रोजन रक्तात आणि चरबीत विरघळत जातो. खोल गेल्यावर तो झिंग आणतो, आणि भरभर वर आलं की गोटी सोड्याची बाटली फोडल्यासारखे त्याचे बुडबुडे अंगात सुटतात. सांधे दुखण्यापासून कायमचं अपंगत्व येण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. यालाच बेंड्स म्हणतात. नायट्रोजन कमी करायचा, तर त्याची जागा कुणीतरी घ्यायला हवी, आणि ती ऑक्सिजनला देतात. अमेरिकेतल्या 'नोआ' या सागरी संस्थेतल्या मॉर्गन वेल्स यांनी १९७०च्या दशकाच्या शेवटी ३२ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण शास्त्रीय कामासाठी बसवलं. आज जगभर ३२ आणि ३६ टक्के ही दोनच मिश्रणं सर्वांत जास्त चालतात.

फायदा किती, ते आपल्याच समुद्रातल्या एका जागेवर मोजू. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला, भर समुद्रात, पाण्याखाली एक पठार आहे. आंग्रिया बँक. नाव कान्होजी आंग्र्यांचं. तिथे प्रवाळ आहेत, आणि सगळ्यात उथळ भागसुद्धा वीसेक मीटर खाली. समजा कुणी तिथे २५ मीटरवर ३२ टक्क्यांचं मिश्रण घेऊन काम करतोय. त्याच्या अंगात नायट्रोजन मुरणार तो साध्या हवेवर २० मीटरला मुरेल तेवढाच. पाच मीटरची सूट मिळाली. म्हणजे खाली जास्त वेळ थांबता येतं, किंवा तेवढाच वेळ थांबून बेंड्सचा धोका कमी करता येतो. दिवसातून दोनतीन वेळा उतरायचं असेल तर हा फरक मोठा आहे. मालवणच्या सात-आठ मीटरवर मात्र नायट्रॉक्सला पैसे घालवण्यात काही अर्थ नाही. तिथे नायट्रोजनचा प्रश्नच जेमतेम असतो.

आता या सुटीची किंमत बघू.

ऑक्सिजन दोन तऱ्हेने विषारी ठरतो, आणि दोन्ही तऱ्हा माळशिरस तालुक्यातल्या शेतकऱ्याला पाटाच्या पाण्यावरून चटकन कळतील. नीरा उजव्या कालव्याखालच्या रानात वर्षानुवर्षं गरजेपेक्षा थोडं जास्त पाणी दिलं की जमीन हळूहळू चोपण होते. एका दिवसात काही दिसत नाही. आणि दुसरीकडे, पाटाला एकदम मोठा लोंढा सोडला तर बांध फुटतो. तिथे किती तास सोडला हा प्रश्न नंतरचा. लोंढा किती, हा पहिला.

फुफ्फुसांचं चोपण जमिनीसारखं आहे. ०.५ बारच्या वरचा ऑक्सिजन तासन् तास, दिवसन् दिवस घेतला की फुफ्फुसाच्या आतल्या अस्तराला सूज येते. छातीत जळजळ, कोरडा खोकला, खोल श्वास घेताना दुखणं. हे लॉरेन स्मिथ यांनी १८९९मध्ये दाखवलं. मेंदूचं मात्र बांध फुटण्यासारखं. त्याच्या वीसेक वर्षं आधी, १८७८मध्ये, फ्रान्सच्या पॉल बेर यांनी दाखवलं होतं की जास्त दाबाच्या ऑक्सिजनमध्ये प्राण्यांना आकडी येते. माणसाला आकडी आली की रेग्युलेटर तोंडातून सुटतो. आकडीने सहसा माणूस मरत नाही. तो पाण्याखाली असतो म्हणून मरतो.

पेशीत नेमकं काय होतं? थोडक्यात सांगते, कारण हा माझा रोजचा विषय आहे आणि एकदा सुरू झाले की थांबत नाही. आपल्या रक्तातला बहुतेक ऑक्सिजन हिमोग्लोबिन वाहून नेतं, १०० मिलिलिटर रक्तात साधारण २० मिलिलिटर. ही गाडी जमिनीवरच जवळजवळ भरलेली असते. दाब वाढवला की जास्तीचा ऑक्सिजन गाडीत बसत नाही, तो थेट रक्तद्रवात विरघळतो. जमिनीवर हा विरघळलेला भाग ०.३ मिलिलिटर असतो. तीन बारच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये तो सहाच्या घरात जातो. एवढ्यावर स्वस्थ पडलेल्या शरीराची गरज हिमोग्लोबिनशिवायसुद्धा भागेल. हा ओतू जाणारा ऑक्सिजन पेशींत अतिक्रियाशील रेणू तयार करतो. ते पेशीच्या पडद्याला आणि एन्झाइम्सना चावतात. त्यांना आवरणारी यंत्रणा शरीरात आहे, पण तिची ताकद ठरलेली. मेंदूत उत्तेजनाला लगाम घालणारी रसायनं कमी पडायला लागली की चेतापेशी एका सुरात पेटतात. तीच आकडी.

हे सगळं कळलं ते फार कठोर पद्धतीने. १ जून १९३९ रोजी 'थेटिस' ही ब्रिटिश पाणबुडी चाचणीच्या वेळी बुडाली. ९९ माणसं गेली. चौकशीच्या निमित्ताने जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाला बोलावलं गेलं, आणि त्याने स्वतःला आणि आपल्या सहकाऱ्यांना दाबाच्या लोखंडी कोठीत बंद करून घ्यायला सुरुवात केली. त्याच्या वडिलांनी, जॉन स्कॉट हाल्डेन यांनी, १९०८मध्ये बेंड्स टाळायची पहिली शास्त्रीय कोष्टकं दिली होती. बापाने नायट्रोजन सोडवला, मुलाने ऑक्सिजनला हात घातला. ऑक्सिजनच्या एका आकडीत हाल्डेनच्या मणक्यांना इजा झाली आणि पाठ पुढे कायम दुखत राहिली. आपल्याला वास-चव नसलेला वाटणारा ऑक्सिजन दाबाखाली आंबटगोड लागतो, हेही त्यानेच नोंदवलं. हा माणूस १९५७मध्ये भारतात आला, कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये काम केलं, भारताचा नागरिक झाला आणि १९६४मध्ये भुवनेश्वरला वारला. आपल्या पाठ्यपुस्तकात तो येतो जीवसृष्टीच्या उगमाच्या धड्यात. पाणबुड्यांचा हाल्डेन तोच, हे मला एम.एस्सी.पर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच युद्धात ब्रिटिश नौदलाच्या केनेथ डोनाल्ड यांनी १९४२ ते १९४५ या काळात दोन हजारांवर प्रयोग केले. शत्रूच्या बंदरात गुपचूप शिरणारे पाणबुडे शुद्ध ऑक्सिजन वापरायचे, कारण त्या उपकरणातून बुडबुडे वर येत नाहीत. पण माणसं बेशुद्ध होत होती. किती खोल, किती वेळ चालेल, ते शोधायचं होतं. डोनाल्ड यांच्या निकालांतला मला सगळ्यात अस्वस्थ करणारा आकडा असा. एकाच पाणबुड्याला, त्याच २१ मीटर खोलीच्या दाबावर, आठवड्यातून दोनदा असं तीन महिने तपासलं. कधी ७ मिनिटांत लक्षणं दिसली, कधी १४८ मिनिटांनी. माणूस तोच, खोली तीच.

यावरून पुढचे सगळे नियम येतात. 'मला सोसतं' असं ऑक्सिजनच्या बाबतीत कुणाला म्हणताच येत नाही. मागच्या वेळी काही झालं नाही, याचा पुढच्या वेळेशी संबंध नाही. डोनाल्ड यांना आणखी एक गोष्ट दिसली. कोरड्या कोठीत बसून जे सोसतं, ते पाण्यात सोसत नाही, आणि हातपाय चालवून काम करताना त्याहून कमी सोसतं.

मला विचारतात, मग कोविडमध्ये कसं चाललं? २०२१च्या एप्रिल-मेमध्ये आपण सिलिंडरसाठी वणवण फिरलो. लोक दिवसेंदिवस ऑक्सिजनवर होते, त्यांना आकडी का नाही आली? कारण ते जमिनीवर होते. जमिनीवर अगदी शंभर टक्के ऑक्सिजन दिला तरी आंशिक दाब एक बारच्या वर जात नाही, आणि मेंदूचा बांध त्याच्याही बराच वर आहे. फुफ्फुसांचं चोपण मात्र तिथेही होऊ शकतं. म्हणूनच डॉक्टर गरज कमी झाली की ऑक्सिजन उतरवत आणतात.

आता प्रत्यक्ष आकडे. मनोरंजनासाठी उतरणाऱ्यांनी ऑक्सिजनचा आंशिक दाब १.४ बारच्या वर जाऊ द्यायचा नाही. १.६ ही शेवटची हद्द, तीही स्वस्थ असताना, अडचणीपुरती. या दोन आकड्यांवरून प्रत्येक मिश्रणाची खोली ठरते. १.४ला मिश्रणातल्या ऑक्सिजनच्या भागाने भागायचं, एक वजा करायचा, दहाने गुणायचं. ३२ टक्क्यांसाठी १.४ भागिले ०.३२ म्हणजे ४.३७, वजा एक ३.३७, गुणिले दहा, झाले ३३ मीटर. अपूर्णांक आला तर नेहमी खालचा आकडा धरायचा. ३६ टक्क्यांना २८ मीटर. साध्या हवेला याच हिशोबाने ५६ मीटर येतात. (म्हणून काय हवेवर ५६ला जायचं नाही. तिथे नायट्रोजनची झिंग आधी गाठते.) आत्येभावाच्या प्रश्नाचं उत्तर याच तीन आकड्यांत आहे. ऑक्सिजन वाढला की तळ वर सरकतो.

वेळेलाही मर्यादा आहे. नोआच्या कोष्टकात १.६ बारला एका डाइव्हसाठी ४५ मिनिटं, १.४ला १५०, १.२ला २१० मिनिटं दिली आहेत. १.४पासून १.६पर्यंत कशी घसरण आहे बघा. ०.२ बारसाठी वेळ तिसऱ्या हिश्श्याहून कमी झाला. यावरून टक्केवारीचा खतावणीसारखा हिशोब ठेवतात. आंग्रियावरच्या आपल्या माणसाचा २५ मीटरवर आंशिक दाब १.१२ येतो. वरचा आकडा धरायचा, म्हणजे १.२. तो ५० मिनिटं थांबला तर २१०पैकी ५०, म्हणजे जवळजवळ २४ टक्के खर्च झाले. दुपारी पुन्हा तेवढंच केलं तर ४८. मधे वर काढलेल्या वेळाची थोडी वजावट मिळते, पण मी ती धरत नाही. नवख्याने तर धरूच नये. फुफ्फुसांचा हिशोब वेगळा असतो. त्या एका डाइव्हमध्ये साधारण ६० एकक होतात, आणि बरेच दिवस रोज उतरणाऱ्यांसाठी दिवसाला ३०० एकक चालतात असं मानतात. सुट्टीत उतरणारा माणूस तिथपर्यंत क्वचितच पोचतो.

माझं मत विचाराल तर, कोर्समध्ये या टक्केवारीच्या गणितावर जेवढा वेळ जातो तेवढा जायला नको. सामान्य टाकी तासाभरात संपते, वेळेची मर्यादा त्याआधी फारशी येत नाही. जीव जातो तो खोली चुकल्याने, आणि खोली चुकते ती बहुतेक वेळा टाकीत काय आहे ते न मोजल्याने. टाकीवर चिठ्ठी ३२ची आहे, पण भरणाऱ्याने चुकून ५० टक्के भरलं. ३३ मीटरवर दाब ४.३ बार, त्याचा निम्मा म्हणजे २.१५. हा बांध फोडणारा लोंढा आहे, आणि आत काही वेगळं भरलंय हे जिभेला किंवा नाकाला कळणार नाही.

म्हणून नियम असा की टाकी ज्याच्या पाठीवर जाणार त्याने स्वतः मोजायची. दुकानदाराने मोजली, मित्राने मोजली, चालत नाही. ऑक्सिजन मोजायचं यंत्र हातात मावेल एवढं असतं. आधी ते साध्या हवेवर २०.९ला लावून घ्यायचं, मग टाकीची तोटी किंचित उघडून वारा संथ सोडायचा आणि आकडा स्थिर व्हायची वाट बघायची. मग टाकीच्या मानेवर चिठ्ठी चिकटवायची. त्यावर टक्के, जास्तीत जास्त खोली, तारीख, आपली सही. तोच आकडा मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरला सांगायचा. कॉम्प्युटरला टाकीत काय आहे ते कळत नाही, तुम्ही सांगाल ते तो खरं मानतो. काल ३६ घातलं होतं आणि आज टाकी ३२ची आहे, तर तो कालच्याच आकड्यावर नायट्रोजनचा हिशोब करून तुम्हाला जास्त वेळ देईल.

इथे कोकणापुरती एक गंमत. हे यंत्र खरं तर आंशिक दाब मोजतं आणि टक्के दाखवतं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत वाफेने जागा व्यापलेली असते, त्यामुळे तीस अंश तापमानाला तिथे ऑक्सिजन २०.९ नसून २०.२च्या आसपास असतो. टाकीतली हवा मात्र कोरडी. दमट हवेवर २०.९ लावून टाकी मोजली तर ३२चं मिश्रण ३३ दाखवेल. ऑक्सिजनच्या बाजूने ही चूक सुरक्षित आहे, नायट्रोजनच्या बाजूने नाही. काही जण म्हणून टाकीतल्या कोरड्या साध्या हवेवरच यंत्र लावून घेतात. मला ती पद्धत जास्त पटते.

आता आमच्या विहिरीतल्या पोहणाऱ्यांसाठी खास. आपल्याकडे श्वास कोंडून ठेवणं ही फुशारकीची गोष्ट असते. स्कूबामध्ये ती सवय दोनदा मारते. एकदा, श्वास कोंडून वर येताना फुफ्फुसातली हवा फुगते आणि फुफ्फुस फाटू शकतं. दुसऱ्यांदा ऑक्सिजनमुळे. टाकी पुरवून वापरायची म्हणून लोक श्वास लांबवतात, मधे थांबतात. त्याने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, तो मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंद करतो, आणि मेंदूकडे ऑक्सिजनचा पाट मोठा होतो. प्रवाहाविरुद्ध जोर लावून पोहतानाही हेच घडतं. म्हणून दमणूक होणार असेल, पाणी थंड असेल, तर १.४च्याही आत राहायचं. श्वास संथ, खोल आणि अखंड.

आकडीच्या आधी इशारा मिळतो का? पुस्तकात यादी असते. नजर आकसल्यासारखी होणं, कानात घुमणं, मळमळ, ओठ किंवा गालाचा स्नायू फडफडणं, उगाच चिडचिड, चक्कर. यातलं काहीही जाणवलं तर लगेच जोडीदाराला खूण करून, ठरलेल्या वेगाने वर यायला लागायचं. खोली कमी झाली की आंशिक दाब त्याच क्षणी उतरतो. पण अनेकांना यातलं काहीच होत नाही, थेट आकडी येते. त्यामुळे यादी पाठ करा, भरवसा आकड्यावर ठेवा.

आणि जोडीदाराला आकडी आलीच तर? रेग्युलेटर त्याच्या तोंडात असेल तर तो तसाच धरून ठेवायचा, झटके ओसरू द्यायचे, मग त्याला घेऊन वर यायचं. रेग्युलेटर सुटला असेल तर तो परत कोंबत बसायचं नाही, वर आणायला लागायचं. पाण्याबाहेर आला की श्वास तपासायचा, गरज पडली तर कृत्रिम श्वास द्यायचा आणि थेट दवाखाना गाठायचा. मुंबईत कुलाब्याला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात दाबाची कोठी आहे. बेंड्स झालेल्यांना अशाच कोठ्यांत बरं करतात, आणि नेहमीच्या उपचारात त्यांना २.८ बारवर शुद्ध ऑक्सिजन देतात. आपण इथे १.४ म्हणतोय, त्याच्या दुप्पट! पण तिथे रोगी कोरडा, पडलेला, शेजारी माणूस, आणि दर वीस मिनिटांनी पाच मिनिटं साध्या हवेची विश्रांती. आकडी आली तर तोंडावरचा मास्क काढायचा, थोड्या वेळात थांबते. पाण्यात मास्क काढून साधी हवा घ्यायची सोय नाही, एवढाच काय तो फरक.

एक गोष्ट राहिली. नायट्रॉक्स भरण्याची एक पद्धत म्हणजे रिकाम्या टाकीत आधी शुद्ध ऑक्सिजन सोडायचा आणि वरून गाळलेली हवा. या कामात धोका पाणबुड्याला नाही, भरणाऱ्याला असतो. दाबलेल्या ऑक्सिजनमध्ये तेल, ग्रीस, धुळीचा कणसुद्धा पेट घेतो. त्यामुळे अशा टाक्या, तोट्या खास स्वच्छ करून वेगळ्या ठेवतात, साधं वंगण लावत नाहीत, आणि तोटी अगदी हळू उघडतात, कारण झटक्यात उघडली की वायू दबून तापतो. ४० टक्क्यांपर्यंतचं तयार मिश्रण नेहमीच्या सामानात चालतं असं मानतात, त्यावर मात्र सगळं सामान ऑक्सिजनचंच लागतं. यासाठी अंदमानला जायची गरज नाही. गॅस वेल्डिंगच्या कुठल्याही जाणत्या मिस्त्रीला विचारा. ऑक्सिजनच्या सिलिंडरला तो तेलकट हात लावू देणार नाही, आणि तोटी घट्ट बसली म्हणून तेलाचा थेंब सोडणाऱ्या पोराला शटरबाहेर काढेल.